वादळानंतर कारखाना पुन्हा उभा करताना: १६९ दिवसांची नोंद

काही दिवसांपूर्वी आमच्याच किनाऱ्यावरच्या एका मुलीचा फोन आला. तिचं काजूचं छोटं युनिट आहे. पावसात शेडची एक बाजू बसली होती. तिचा पहिला प्रश्न होता, "ताई, आधी कुठे जाऊ? बँकेत, तलाठ्याकडे की विम्याच्या ऑफिसात?" तासभर बोललो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ येऊन गेलं तेव्हा हेच सगळं मला सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून आता तारखांसकट लिहिते आहे. माझं जुनं रजिस्टर समोर आहे, त्यामुळे आकडे आठवणीतले नाहीत, लिहिलेले आहेत.

दापोली तालुक्यात केळशी-आडे पट्ट्यात आमचं गाव. घरामागच्या शेडमध्ये आमचा फळप्रक्रियेचा कारखाना आहे. आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), कोकम सरबत, आंब्याचा पल्प, आंबापोळी, फणसाचे गरे असा माल निघतो. चौदा बायका कायम कामाला. यजमान नोकरीला मुंबईकडे, डोंबिवलीत. इथलं मी आणि माझे धाकटे दीर बघतो. लॉकडाऊनमुळे यजमान मार्चपासून तिकडेच अडकले होते. एप्रिल-मेमध्ये दुकानं बंद, पर्यटक नाहीत, म्हणून माल जात नव्हता. पण रातांबे (कोकमाची फळं) आणि आंबे थांबत नाहीत. आम्ही माल करत राहिलो आणि ठेवत राहिलो. मे संपता संपता शेड एरवीपेक्षा दीडपट भरलेली होती. पुढच्या हिशोबात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली.

१ जूनपासून वादळाच्या सूचना यायला लागल्या. २ जूनला दवंडी फिरली, किनाऱ्याजवळच्या घरांतली माणसं शाळेत हलवली. शाळेत आधीच मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचं विलगीकरण होतं, तो वेगळाच पेच. आम्ही अंगणातली आमसुलं गोळा करून शेडमध्ये घेतली, पल्परवर (गर काढायच्या यंत्रावर) ताडपत्री बांधली, साखरेची पोती फळ्यांवर चढवली. एवढ्यानं होईल असं वाटलं. आमच्याकडे वादळ म्हणजे दोन माड पडतात, चार कौलं सरकतात. आजेसासूबाईंच्या आठवणीतही त्याहून मोठं काही नव्हतं.

३ जूनला बुधवार होता. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग वादळ दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. दिवेआगर आमच्यापासून उत्तरेला, पण वाऱ्याला तालुक्याची हद्द कळत नाही. आम्ही माजघरात बसलो होतो. शेडचे पत्रे उडायला लागले तेव्हा आवाज असा येत होता, जणू कोणी मोठ्या परातींवर परात आपटतंय. एकेक पत्रा सुटताना आधी थरथरायचा, मग किंचाळायचा, मग शांत. त्या शांततेतच कळायचं की तो गेला. भाऊजी दारापाशी उठून जायला लागले तेव्हा मी त्यांचा सदरा धरून ठेवला.

संध्याकाळी पाचला बाहेर पडलो. वाडीतल्या पोफळी एका दिशेला आडव्या, मधूनच मोडलेल्या. आमच्या ६२ पोफळी आणि ११ माड गेले. शेडचे ४४ पैकी ३१ पत्रे नव्हते. आत पाणी, काचा, साखरेचा पाक झालेला आणि त्यात तरंगणारी लेबलं.

त्या रात्री मी काहीच केलं नाही. हे मुद्दाम सांगते. सासूबाईंनी पेज केली, ती खाल्ली आणि झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून आधी फोटो काढले. कशालाही हात लावण्याआधी. फोनमध्ये ३८ टक्के चार्ज होता आणि वीज कधी येईल माहीत नव्हतं, म्हणून मोजून ९० फोटो. प्रत्येक कोपऱ्याचा एक लांबून, एक जवळून, आणि मालाच्या फोटोत बॅच नंबर दिसेल असा. ही अक्कल माझी नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठात प्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलं होतं, तिथे एका सरांनी "बॅच नंबर नसलेला माल म्हणजे बेवारशी माल" असं सांगितलं होतं. ते डोक्यात होतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर झाडू हातात घ्यायच्या आधी फोन हातात घ्या.

फोनला रेंज नव्हती. गावात कोणालाच नव्हती. यजमानांना तीन दिवस आमची काही खबर नव्हती. ५ तारखेला भाऊजी आणि गावातली चार पोरं कोयते-करवती घेऊन रस्त्यावरची झाडं तोडत तोडत निघाली, आणि मी मोटारसायकलवर मागे बसून दुपारी दापोलीत पोचले. तिथे एका ठिकाणी थोडी रेंज होती. पहिला फोन डोंबिवलीला. ते बराच वेळ बोललेच नाहीत, फक्त श्वास ऐकू येत होता. दुसरा फोन बँकेतल्या साहेबांना, तिसरा विम्याच्या टोल फ्री नंबरला. विमा कंपनीला कळवणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांतच झालं पाहिजे, आणि नुसतं फोनवर नाही, ईमेलही हवा. मला पॉलिसी नंबर सांगता येईना, कारण मूळ पॉलिसी बँकेच्या फायलीत होती. कर्जाबरोबर बँकेनंच काढलेली, मी कधी उघडून वाचलीही नव्हती. साहेबांनी ती फायलीतून शोधून तिचा फोटो पाठवला. आता माझ्याकडे पॉलिसीच्या तीन प्रती असतात, एक माहेरी ठेवलेली.

त्या दिवशी वटपौर्णिमा होती. परत आले तेव्हा गावातल्या बायका पडलेल्या वडाच्या एका उभ्या राहिलेल्या फांदीला सूत गुंडाळत होत्या. आमच्या कामावरच्या मावशी, आमच्यात सगळ्यात जुन्या, मला बघून सूत हातात तसंच धरून म्हणाल्या, "वैनी, आमचं काय?"

याचं उत्तर त्या क्षणी माझ्याकडे नव्हतं. "उद्या सकाळी आठला सगळ्या या, सांगते," एवढंच म्हणाले. ती रात्र मात्र जागले. कंदिलाच्या उजेडात रजिस्टरच्या एका पानावर दोन रकाने पाडले. हातातली रोकड ४६,०००. बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखात्यात काढता येण्यासारखे १,४०,०००. म्हणजे १,८६,०००. दुसऱ्या बाजूला रोजची मजुरी चौदा जणींची २५० प्रमाणे ३,५००, पत्रे, डिझेल, बाटलीवाल्याचे थकलेले पैसे. त्या रकान्याकडे बघून पोटात गोळा आला, पण आकडा दिसला की भीतीला निदान कड येते.

६ जूनला सकाळी आठ वाजता फणसाखाली बसलो. मी ते पानच वाचून दाखवलं. किती पैसे आहेत, किती देणी आहेत, सगळं. म्हटलं, बारा दिवस साफसफाई आणि माल निवडायचं काम आहे, त्याची रोजची मजुरी मी देणार, दर शनिवारी, रोख. बारा दिवसांनंतरचं आज सांगता येत नाही, १८ तारखेला याच झाडाखाली सांगेन. भाऊजींना हे आवडलं नाही. घरी आल्यावर म्हणाले, "वहिनी, गल्ल्यात किती आहे हे कामगारांना सांगतं का कोणी?" मलाही खात्री नव्हती. पण दुपारी मावशी येऊन म्हणाल्या, "आम्ही आपसांत ठरवलंय, दोघी-तिघींच्या घराचं छप्पर पूर्ण गेलंय, त्यांना आधी चार दिवस सोडा, त्यांचं काम आम्ही ओढतो." पैशाची अडचण लपवली असती तर हे बोलणं माझ्यापर्यंत आलंच नसतं.

तेव्हापासून आठची बैठक रोज. दहा मिनिटं, उभ्यानंच. काल काय झालं, आज काय करायचं, पैसे किती उरले. मी मधल्या काळात दोनदा आजारी पडले तेव्हा ती भाऊजींनी घेतली, एकदा मावशींनी. रजिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फणसाच्या खोबणीत ठेवायचो. त्याच रजिस्टरच्या शेवटच्या पानावर मी "मागाहून" असं लिहिलं. रोज वीस गोष्टी डोक्यावर येऊन बसायच्या. वाडीतली पडलेली झाडं कधी काढायची, गडगा कोसळलाय, चुलतभाऊ म्हणतोय ताडपत्रीचा धंदा कर, आत्ता सोन्याच्या भावानं जातेय, कोणी म्हणतंय शेड पाडून सिमेंटचीच बांध. जे कारखाना चालू करायला लागणार नाही ते सगळं त्या पानावर. नाही म्हणायचं नाही, तिथे लिहायचं. त्या पानावर शेवटी ३७ ओळी झाल्या. त्यातल्या अर्ध्याहून अधिक पुढे कधी कराव्याच लागल्या नाहीत.

आता माझी चूक. आमच्याकडे तीन डीप फ्रीझर होते, त्यात ४२० किलो पल्प आणि शंभरेक किलो कापे गरे. वीज आज येईल, उद्या येईल, म्हणून मी चार दिवस झाकणं उघडू दिली नाहीत. थंडी टिकेल अशी आशा. पहिल्याच दिवशी सगळं गावात वाटलं असतं तर शाळेत राहिलेल्या दीडशे माणसांच्या तोंडी गेलं असतं. ७ तारखेला उघडलं तेव्हा आंबट वाफ अंगावर आली. खड्डा खणून पुरलं. पुरण्याआधी वजन केलं, फोटो काढले, सरपंचांना बोलावून साध्या कागदावर नोंद करून सही घेतली. माझा अंदाज १,०५,००० रुपयांचा माल. विम्यात त्याचा एक पैसाही मिळाला नाही, कारण वीज गेल्यानं शीतगृहातला माल खराब होणं साध्या आगीच्या पॉलिसीत धरत नाहीत, त्यासाठी वेगळं जोडसंरक्षण घ्यावं लागतं. ज्यांच्याकडे फ्रीझर आहेत त्यांनी आजच आपली पॉलिसी काढून हे बघा.

आमसुलांचं वेगळंच झालं. रातांब्याच्या साली रस-मिठात बुडवून उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, अशी पाच-सहा पुटं देतो तेव्हा आमसूल होतं. आमची १८० किलो शेवटच्या पुटावर होती आणि छप्पर उडाल्यावर भिजली. ८ तारखेला जरा ऊन पडलं. मावशींनी ती ताडपत्रीवर पसरली. दुसऱ्या दिवशी दिसायला छान, काळी, चकचकीत. मी एक उचलून मधोमध फाडलं. आतल्या दुमडीत केसाएवढी पांढरी जाळी होती. दुसरं फाडलं, त्यातही. मावशी म्हणाल्या, "आणखी एक पुट दिलं मिठाचं की मरेल ती. कोणाला कळणारे?" त्यांना माझा तोटा वाचवायचा होता, त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. मी फाडलेलं आमसूल त्यांच्या हातावर ठेवलं आणि विचारलं, "तुमच्या नातवाच्या सोलकढीत घालाल?" त्यांनी ते बराच वेळ धरलं, मग पदराला हात पुसले. १८० किलो बाजूला काढलं, पोत्यांवर तांबड्या रंगानं फुली मारली. पण फेकलं नाही. विम्याचा सर्व्हेअर (नुकसान तपासून मोजणारा माणूस) बघेपर्यंत खराब मालही टाकता येत नाही. वास येत असेल तर फोटो आणि वजनासह ईमेल करून नष्ट करायची परवानगी मागा, आणि ते उत्तर जपून ठेवा.

पंचनामे ११ तारखेपासून सुरू झाले. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे आले. घर, शेड आणि बाग यांचे पंचनामे वेगवेगळे होतात, हे लक्षात ठेवा. सातबारा, आठ अ, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स लागतात आणि गावात वीज नाही म्हणजे झेरॉक्स नाही. भाऊजी दापोलीहून प्रत्येकाच्या दहा-दहा प्रती काढून आले, शेजारच्या चार घरांच्याही. शासनानं त्या वेळी फळबागांची मदत हेक्टरी १८,००० वरून ५०,००० केली होती, दोन हेक्टरपर्यंत. आमची पोफळीची वाडी १४ गुंठ्यांची, म्हणजे ७,००० रुपये. कोकणातल्या वाड्या गुंठ्यांत असतात, आणि एका गुंठ्यात माड, पोफळ, जायफळ, मिरवेल असं एकावर एक उभं असतं. हेक्टरच्या मापात ते दिसत नाही. पोफळ लावल्यापासून उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षं जातात. हे पैसे आले तेव्हा सासूबाईंनी त्यातून नव्या रोपांचे पैसे काढून ठेवले.

सर्व्हेअर १७ जूनला आले. ठराविक रकमेच्या वरच्या दाव्याला परवानाधारक सर्व्हेअर लागतोच. ते येणार त्याच्या आदल्या रात्री ओळखीतले एक गृहस्थ घरी आले. विम्याच्या कामातले जाणकार. त्यांनी जे सांगितलं ते नीट समजून घ्या, कारण तुम्हालाही कोणीतरी सांगेल. माझ्या मालाचा विमा ६ लाखांचा. बँकेनं दोन वर्षांपूर्वीच्या सरासरीवर काढलेला. पण ३ जूनला शेडमध्ये माल होता ९ लाखांचा. विम्याचा नियम असा की माल ९ लाखांचा आणि विमा ६ लाखांचा, म्हणजे तुम्ही दोन तृतीयांशच विमा घेतला, म्हणून नुकसानही दोन तृतीयांशच मिळणार. नुकसान झालेला माल २,७०,००० चा होता. तर मिळणार १,८०,०००. ते म्हणाले, "चांगला राहिलेला माल आज रात्रीत मांगरात, वाडीतल्या खोपटात हलवा. शेडमध्ये सहा लाखांचाच दिसू दे. नव्वद हजार वाचतील."

नव्वद हजार म्हणजे चौदा जणींची जवळजवळ सव्वीस दिवसांची मजुरी. मी रात्रभर हो-नाही करत राहिले. भाऊजी म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. माल हलवायचा तर त्याच बायकांना बोलवावं लागणार होतं ज्यांना मी आठ दिवसांपूर्वी फुली मारलेली पोती दाखवली होती. आणि रजिस्टरमध्ये बॅचागणिक नोंद होती, ती मला बदलावी लागली असती. सकाळी शेड होती तशी उघडली.

सर्व्हेअर साडेतीन तास होते. तरुण होते, पायात गमबूट. त्यांनी बँकेला दिलेलं महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा तक्ता काढला आणि तिथे मी अडकले. मार्च आणि एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये मी जवळपास तेच आकडे पुढे ओढले होते, लॉकडाऊनमध्ये कोण मोजतंय म्हणून. स्टेटमेंट सांगत होतं ५,९०,०००, रजिस्टर सांगत होतं ९ लाख. त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, खरं कोणतं?" माझी कानशिलं तापली. मी रोजचं रजिस्टर पुढे केलं. कोणत्या तारखेला किती रातांबे आले, कोणाकडून, किती आगळ निघालं, कोणत्या पिंपात गेलं. त्यांनी मधलीच तीन पानं काढून पिंपं मोजली. जुळली. मग म्हणाले, "हे धरतो. पण स्टेटमेंटबद्दल लेखी खुलासा द्या." दिला. कामाच्या धबडग्यात महिन्याचा कागद आपण डोळे झाकून भरतो, पण वेळ येते तेव्हा तोच कागद तुमच्या बाजूनं किंवा विरुद्ध उभा राहतो.

१८ जूनला ठरल्याप्रमाणे फणसाखाली बसलो. सांगितलं, छप्पर होईपर्यंत सात जणींनाच काम आहे, आलटून पालटून, आठवड्याआड. कोणी कोणत्या आठवड्यात यायचं ते त्यांनीच ठरवलं. हा निर्णय सांगताना माझा आवाज फुटला होता, लपवायचा प्रयत्न केला नाही.

पत्र्यांचं मोठं दुखणं होतं. सगळ्या किनाऱ्याला एकाच आठवड्यात पत्रे हवे होते. दापोली-खेडमध्ये सकाळचा भाव दुपारी राहत नव्हता. शेवटी कराडच्या एका व्यापाऱ्याकडून कुंभार्ली घाटानं ट्रक आला, २४ तारखेला, आमच्यासह पाच घरांचा एकत्र. एकट्यानं मागवला असता तर भाड्यातच मेलो असतो. पैशासाठी बँकेच्या साहेबांनी स्वतःहून एक सुचवलं. केंद्र सरकारची आपत्कालीन पतहमी योजना तेव्हा नुकतीच आली होती. २९ फेब्रुवारी २०२० ला जे कर्ज बाकी होतं त्याच्या २० टक्के, वेगळं तारण नाही, व्याज ९.२५ टक्क्यांच्या आत, पहिलं वर्ष मुद्दल नाही, एकूण मुदत चार वर्षं. आमची बाकी साडेसहा लाख होती, म्हणून १,३०,००० मिळाले. हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंतची रिझर्व्ह बँकेची सवलतही होती, पण व्याज चढत राहतं हे कळल्यावर मी जमेल तेवढं व्याज भरत राहिले. आणखी एक मुदतकर्ज घेऊन मोठं यंत्र बसवा, असंही कोणी सुचवलं होतं. ते "मागाहून"च्या पानावर गेलं.

वीज २९ जूनला संध्याकाळी आली. सव्वीस दिवसांनी. खांब उभे करणारे वायरमन बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले, भर पावसात चिखलातून खांद्यावरून खांब नेत होते. आमच्या बायकांनी त्यांना रोज दुपारी भाकरी-पिठलं पोचवलं. दिवा लागला तेव्हा गावभर ओरडा झाला. तोपर्यंत भाड्याच्या जनरेटरवर दिवसाला दोन तास काम काढत होतो, आणि त्या महिन्यात डिझेल जवळपास रोज चढत होतं.

२ जुलैला छप्पर झालं. या वेळी पत्र्यांना आकडे आणि वायसर दुप्पट, आणि कडेच्या रांगेवर आडवी पट्टी. पण छप्पर झालं म्हणून माल करता येत नाही. विहिरीत पाला-फांद्या कुजलेल्या. दोनदा उपसा केला, क्लोरीन टाकलं, पाण्याचा नमुना तपासायला दिला, अहवालाला नऊ दिवस लागले. ऑर्डर घेऊन लोक फोन करत होते आणि मी "पाण्याचा कागद आल्याशिवाय बाटली भरणार नाही" म्हणत होते. त्यातली एक ऑर्डर गेली. १३ जुलैला पहिली बाटली भरली. वाचलेल्या पिंपांतल्या आगळाचं सरबत. लेबलं भिजलेली होती, म्हणून मावशींच्या नातीनं पहिल्या ३०० बाटल्यांवर हातानं तारीख आणि बॅच लिहिली, एकही खाडाखोड नाही.

गणपती २२ ऑगस्टला होते. त्या महिनाभरात आम्ही फक्त तीनच वस्तू केल्या: सरबत, आगळ आणि आंबावडी. एरवी अकरा करतो. एसटीनं तेव्हा मालवाहतूक सुरू केली होती, त्यातून मुंबईला खोकी गेली आणि डोंबिवलीत यजमान संध्याकाळी ऑफिस संपवून ती घरोघर पोचवत होते. १ ऑगस्टपासून चौदाही जणी रोज कामावर होत्या.

विम्याचं मात्र चालूच होतं. दर सोमवारी मी एक ईमेल पाठवायचे, दोन ओळींचा, तारीख आणि दावा क्रमांक घालून. रागानं एकही लिहिला नाही, लिहावासा अनेकदा वाटला. मागितलेला प्रत्येक कागद दिला: तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटीची विवरणं, खरेदीची बिलं, छपराचं कोटेशन आणि प्रत्यक्ष बिल, पंचनाम्याची प्रत. एकच कागद दोनदा मागितला तर दोनदा दिला. शेवटी हिशोब असा लागला. माल १,८०,०००. छपराचे ३,१०,००० लागले होते, त्यातून घसारा (जुनेपणाची वजावट) जाऊन २,२०,०००. पल्परच्या मोटारीचे ३०,०००. यातून भंगाराचे १२,००० वजा, आणि उरलेल्यावर ५ टक्के कपात, जी नैसर्गिक आपत्तीच्या दाव्यात असते, म्हणजे २०,९००. हातात ३,९७,१००. हातात म्हणजे बँकेच्या कर्जखात्यात, कारण पॉलिसीवर बँकेचा हक्क लिहिलेला असतो. हे आधी माहीत असू द्या, नाहीतर त्या पैशांवर कोणाला शब्द देऊन बसाल. पैसे १९ नोव्हेंबरला जमा झाले, भाऊबीज होऊन तीन दिवस झाले होते. वादळापासून १६९ वा दिवस. माझ्या हिशोबानं एकूण नुकसान ७,३०,००० होतं.

ते नव्वद हजार मला आजही आठवतात. खोटं कशाला बोलू, त्या वर्षी डिसेंबरात बाटलीवाल्याचे पैसे देताना फार आठवले. पण पुढच्या एप्रिलमध्ये पॉलिसीचं नूतनीकरण मी स्वतः समोर बसून केलं. मालाची रक्कम सरासरीवर नाही, जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या सगळ्यात भरलेल्या शेडवर धरली. १ एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची पॉलिसी आली आहे, पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला, आणि तिच्यात विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तरी दावा कापत नाहीत. तीच घेतली. फ्रीझरच्या मालाचं संरक्षणही त्याला जोडून घेतलं.

महिन्याभरातच, मेच्या मध्यावर, तौक्ते वादळाचा इशारा आला. १४ मे २०२१ ला दुपारी मी शेडमध्ये गेले तर मावशी आधीच तिथे होत्या. फ्रीझरमधला पल्प त्यांनी पातेल्यांत काढायला घेतला होता. "वीज जाणारच आहे वैनी. आधी शाळेत पाठवू, मग उरलं तर बघू." त्यांच्या नातीच्या हातात फोन होता आणि ती एकेका पिंपाचा बॅच नंबर दिसेल असा फोटो काढत होती. आधी लांबून, मग जवळून.

१६ तारखेला वारा आला आणि समुद्राकडून पुढे उत्तरेला गेला. आमचे दोन पत्रे सरकले, एक माड पडला, वीज पाच दिवस गेली. १७ ला सकाळी आठ वाजता सगळ्या फणसाखाली उभ्या होत्या, डोक्यावर इरली आणि प्लॅस्टिकचे कागद. भाऊजींनी खोबणीतून पिशवी काढली, रजिस्टर कोरडं होतं. त्यांनी पान उघडलं आणि वरती तारीख घातली.